गैरहजरांचा वाटा

आमच्या नारीन नदीकाठच्या शहरात माणूस एकवेळ आईवरून दिलेली शिवी पोटात घालेल, पण मेजवानीत चुकीचं हाड पुढ्यात आलं तर तीन पिढ्या विसरणार नाही. मेंढीचं डोकं कुणाला, खुब्याचं हाड कुणाला, सगळं वयानं आणि मानानं ठरलेलं. मला ते पाठ आहे, म्हणून महापालिकेचं जेवण असलं की वाढायला मलाच बोलावतात. एरवी मी पालिकेची मदतनीस. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, औषधं द्यायची. आम्ही सहाजणी होतो. नव्या बजेटमध्ये दोघीच उरणार होत्या, कारण चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं यायचं होतं. आमच्याकडे वर्षातले पाच महिने पाणी गोठलेलं असतं, पण ते असो.

बजेटवरच्या सकाळच्या जनसुनावणीत मी उभी राहिले. माझ्याकडची अकरा म्हातारी माणसं सांगितली. त्यातल्या बुरुलकान अपा, म्हणजे आमच्या थोरल्या बाई, तर चौथ्या मजल्यावर, पाय निकामी, इमारतीला लिफ्ट नाही. मी गेले नाही तर त्या बिछान्यातच राहतात.

महापौर तालांतबेक गोड हसले. "नुरजमाल, सुनावणी सगळ्यांना खुली होती. तुझ्या अकरांपैकी एक तरी आलंय का?"

"त्यांना चालता येत नाही, साहेब. तेच तर सांगतेय मघापासून."

"जो हजर नाही, त्याची मागणी नाही. नियम आहे. कारंजेवाले बघ, कसे वेळेवर आले."

पहिल्या रांगेत सादिर अक्सकाल बसले होते, शहरातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी हात पसरून बजेटला आशीर्वाद दिला, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आमच्यात आशीर्वाद झाला की वाद संपला. सह्या तेवढ्या दुपारी पालिकेच्या जेवणानंतर व्हायच्या होत्या, आणि वाढायला मीच होते.

मांस वाढायच्या वेळी महापौरांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मी डोकं अक्सकालांपुढे ठेवलं. महापौरांच्या मानाचं खुब्याचं हाड कारंज्याच्या ठेकेदाराला वाढलं. त्याला घामच फुटला. महापौरांच्या जागी रिकामं ताट.

"हे काय गं?" अक्सकाल म्हणाले.

"साहेब हजर नाहीत. जो हजर नाही, त्याची मागणी नाही. सकाळीच ठरलं."

"अक्कल गहाण टाकलीस का? जो आला नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढतात. पणजोबांपासूनची रीत आहे ही."

"सकाळी तुम्ही आशीर्वाद दिलात, अक्सकाल. मला वाटलं रीत बदलली."

कुणी घास उचलेना. तेवढ्यात महापौर परतले. रिकामं ताट पाहून त्यांचा चेहरा असा उतरला, की चार मदतनीस काढताना त्याच्या दशांशानेही उतरला नव्हता. अक्सकालांनी पुढ्यातलं डोकं दूर सारलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, जिंकले.

अक्सकालांचे डोळे भरून आले. त्यांनी ते अख्खं डोकं पिशवीत घातलं. "माझा वाटा बुरुलकानला दे. चुकलं आमचं."

मग काय, अहमहमिका लागली. ठेकेदारानं खुब्याचं हाड दिलं, महापौरांनी भात आणि कणकेची तळलेली बोरसोक दिली, पिशव्या देतानाचे फोटो निघाले. तीन पिशव्या गच्च भरल्या. सगळ्यांना केवढं हलकं वाटलं. त्याच हलक्या मनानं त्यांनी हात धुतले आणि बजेटवर सह्या केल्या. एक अक्षर बदललं नाही. सोमवारपासून उरणाऱ्या दोघींत माझं नाव नव्हतं.

तीन पिशव्या घेऊन मी चार मजले चढले. अपांनी डोकं पाहिलं आणि बोळक्या तोंडानं हसल्या.

"सादिरनं पाठवलं? मला? एवढा मान तर नवऱ्यानंही दिला नव्हता."

मी घडलं ते सगळं सांगितलं, सह्यांपर्यंत. अपांनी पिशवीचं तोंड नीट बांधलं.

"राहू दे ते. आधी मला संडासला ने."

मी त्यांना उठवलं. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून त्या एकेक पाऊल सरकत होत्या. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "सोमवारी कोण येणार गं न्यायला? सादिर की कारंजं?"