दहा, अकरा आणि एझ्राचं मिठागर

आमच्या बाबांना कॉम्प्युटर म्हटलं की एकच खेळ आठवतो, आणि खेळ म्हटलं की एझ्रा. एझ्रा माझ्या बहिणीचा, शीराचा मुलगा. शीरा लग्न करून इस्रायलमध्ये, अश्दोदला गेली, एझ्रा तिथेच जन्मला. इथे पेणमध्ये आता आम्ही दोघंच. मी डॅनियल, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा, आणि बाबा, सॉलोमन, अडेलतट्टू. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो.

तो खेळ ठोकळे रचून गाव बांधायचा. शनिवारी रात्री शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, उतरला, की आजा इथून आणि नातू तिथून कानाला हेडफोन लावून बसायचे. बाबांनी सुरुवातीलाच खाडी खणायला घेतली. मग बांध, मग भरतीचं पाणी आत घ्यायची दारं, मग पांढऱ्या ठोकळ्यांच्या मिठाच्या राशी. "आबा, एवढं मीठ कोण खाणार?" असं एझ्रा त्याच्या मोडक्या मराठीत विचारायचा आणि बाबा हसून हसून खोकायचे. एझ्राने मिठागराच्या कडेला आमचं घर बांधलं, फोटोत बघून, ओटीच्या कठड्यासकट. तो पेणला कधीच आलेला नाही. हे सगळं गाव आमच्या मशीनमध्ये साठवलेलं होतं. एझ्रा तिकडून त्यात पाहुणा म्हणून यायचा.

आमच्याकडे विंडोज दहा होती. तिचे दिवस भरले, आता अकरा घ्या, असा निरोप पडद्यावर कितीतरी महिने येत होता आणि मी तो माशी हाकलावी तसा हाकलत होतो. बाबांचं म्हणणं, "चालतंय ना? मग कशाला बोटं घालतोस?" मशीन मीच सुटे भाग जमवून जोडलेलं. अकरा त्याला झेपेल की नाही याची मलाही धाकधूक होती. मग त्या खेळाचीच नवी आवृत्ती आली आणि ती फक्त अकरावर चालायची. एझ्राकडे ती आपोआप आली आणि त्याला आमच्या गावात शिरता येईना. दोन शनिवार असेच कोरडे गेले.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी एझ्रा सैन्यात भरती होणार होता. तिकडे सगळ्याच पोरांना जावं लागतं. बाबा लढाईचं नावसुद्धा काढत नव्हते. फक्त रोज मी कामावरून आलो की विचारायचे, "झालं का तुझं ते अकरा?"

शुक्रवारी पहिली शिफ्ट करून रोह्याहून आलो आणि बाहेरच्या खोलीत अकराचं काम लावून दिलं. तुमचं सगळं जसंच्या तसं राहील, असं पडद्यावर आलं आणि मी विश्वास ठेवला. दिवेलागणीच्या आत उरकेल असा माझा हिशोब होता. पण आमच्या गल्लीतलं इंटरनेट म्हणजे बोलायलाच नको. बाबांनी शब्बाथचे दिवे लावले तेव्हा आकडा निम्म्यावर होता.

"आधी लावलंय ना? मग चालू दे," बाबा म्हणाले. "आता हात लावायचा नाही."

शब्बाथला आम्ही विजेच्या बटणाला हात लावत नाही, आणि दुसऱ्याला 'हे बंद कर' असं सांगतही नाही. शेजारच्या पुतळीकाकीला शब्बाथ नाही. ती न सांगता येते, बाहेरच्या खोलीत उगाच चालू असलेला दिवा आणि पंखा बंद करते आणि जाते. आधी तिची सासू यायची. इतक्या वर्षांत यावर कुणी एक शब्द बोललेलं नाही. बोलायचंच नसतं. त्यामुळे मशीन राहू दे, हे तिला आधी कानावर घालून ठेवावं, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. मनुकांचं शरबत घेऊन झालं होतं, हात धुऊन झाले होते. हात धुतले की पावावरची प्रार्थना म्हणून पहिला घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही, असा आमचा रिवाज. काकीने दिवा बंद केला, पंखा बंद केला आणि मशीनसमोर थबकली. बाबांनी दोन्ही हात हवेत नाचवले आणि "ऊं! ऊं!" केलं. मी पण "ऊं ऊं" केलं. दोन बाप्ये पानावर बसून मुक्यासारखे हातवारे करतायत आणि ती आमच्याकडे बघतेय.

"व्हय व्हय, कळला," काकी म्हणाली. "लय घुरघुर करतंय मेला. जेवा तुमी निवांत." आणि तिने बोर्डावरचं बटण दाबलं.

मी पानावरून अर्धवट उठलो. तोवर पडदा काळा झाला होता आणि ती दार ओढून गेली होती. बाबांनी प्रार्थना म्हटली, पाव मोडला, माझ्या हातावर तुकडा ठेवला. माझा पारा चढला होता. बाबांवर, काकीवर, त्या तुकड्यावर, सगळ्यावर. एक शब्द, एक 'नको' तोंडातून काढला असता तर देव काय रागावणार होता? पण तो शब्द मीसुद्धा काढला नव्हता. लहानपणापासूनची सवय ऐनवेळी माझ्या तोंडावर हात ठेवून बसली.

शनिवार कसा गेला ते माझं मला ठाऊक. बाबा दिवसभर त्या खोलीत गेले नाहीत. संध्याकाळी चांदण्या दिसल्या, शब्बाथ उतरला आणि मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

रोह्याला प्रविणला फोन लावला. तो माझ्या शिफ्टमधला, मशीनं जोडण्यात मुरलेला. दहाचा आणि अकराचा असे दोन पेनड्राइव्ह त्यानेच मला देऊन ठेवले होते.

"हे बघ डॅनी," तो म्हणाला, "दहाचा लावलास तर जुना दुरुस्त होईल, आतला सगळा वाचंल बहुतेक. पण भाच्याला जोडता येणार नाय. अकरा आता डिस्क पुसूनच टाकावी लागंल. मंग आज खेळता येईल, पण जुना कायच राहणार नाय. दोन्ही करायला आजची रात पुरणार नाय. गाव वाचवायचा की आज खेळायचा, ते तू ठरव."

तेवढ्यात पुतळीकाकी दारात. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "माज्याकडून काय झाला रं डॅनी?" तिचा चेहरा बघवत नव्हता. माझा सगळा राग जागच्या जागी विरला.

"काय नाय झालं, पुतळी," बाबाच म्हणाले. "जा तू, तुझा घरवाला जेवायचा खोळंबला असंल."

ती गेल्यावर मी दोन्ही पेनड्राइव्ह बाबांसमोर धरले आणि प्रविणचं बोलणं सांगितलं. अश्दोदला शब्बाथ आमच्यानंतर उतरतो, तेवढाच वेळ हातात होता. बाबांनी फार विचार केला नाही.

"पोरगा चाललाय," ते म्हणाले. "मिठागर काय, परत बांधू. अकरा टाक."

मी डिस्क पुसली. 'नक्की ना?' असं मशीनने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी हो म्हटलं. अकरा व्यवस्थित बसली, खेळही उतरला. मी उगाच धास्तावलो होतो. बाबा हेडफोन लावून तयार बसले. समोर नुसता हिरवा माळ, क्षितिजापर्यंत. एझ्राचं बाहुलं त्यात अवतरलं आणि इकडे तिकडे वळून बघू लागलं. मी आवाज स्पीकरवर घेतला.

"आबा, घर कुठे?"

"उधाण आलं रे," बाबा म्हणाले. "वाहून गेलं. बांधू आपण परत."

एझ्राचं बाहुलं वळता वळता थांबलं. मला वाटलं लाइन तुटली.

"मला खेळायचं नव्हतं, आबा," तो म्हणाला. एकेक शब्द शोधून काढत बोलत होता. "मला फक्त बघायचं होतं. एकदा. उद्या जायच्या आधी."

नुसतं बघायचंच होतं तर दहा पुरली असती. मी फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून त्याला सगळं गाव फिरवलं असतं, घर, ओटी, कठडा, सगळं. त्याला काय हवंय, हे आम्ही दोघांनी विचारलंच नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. "बरं," ते म्हणाले, "तू नको खेळूस. उभा राहा आणि बघ."

त्यांनी मातीचा पहिला ठोकळा ठेवला, त्याला लागून दुसरा. एझ्राचं बाहुलं जागचं हललं नाही. बाबा कंबर वाकवून, डोळे बारीक करून त्याच्याभोवतीच, उधाण अडवायला घालतात तसा, बांध घालत गेले, पुरुषभर उंच. एक बाजू झाली, दुसरी झाली. एझ्राचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. तिकडून शीराने त्याला हाक मारली तेव्हा चौथी बाजू अजून उघडी होती.