झोपून आणलेली उंची

रविवारी सकाळी सहा वाजता आमच्या गावच्या रस्त्यावर केळीच्या ट्रॉलीत बावीस माणसं आडवी पडून चालली होती. शिरपूरकडून आलेल्या एका मोटरसायकलवाल्यानं ते पाहिलं, गाडी थांबवली, टोपी काढली आणि हात जोडले. त्याला वाटलं, कुठे मोठा अपघात झाला. तेवढ्यात ट्रॉलीतल्या एका मुडद्यानं मान न उचलता त्याला किती वाजले म्हणून विचारलं. तो मोटरसायकलवाला पुन्हा आमच्या रस्त्यानं आला नाही.

मी गफूर, या गावचा एकुलता एक टेलर. माझं दुकान रस्त्यालाच आहे, त्यामुळे ही वरात मी सहा आठवडे दर रविवारी पाहिली. खाली केळीची सुकी पानं अंथरायची, वर गोधड्या, गोधड्यांवर माणसं. घड दबू नये म्हणून जशी काळजी घेतात, तशी या माणसांची घेत. उठायचं नाही, बसायचं नाही, तोंडसुद्धा धुवायचं नाही. कारण उठलं तर म्हणे अंगात रात्रभर साठलेली उंची सांडते. पुना नावाचा गडी ट्रॅक्टर चालवायचा, आणि खड्डा आला की मागून बावीस जण पडल्या पडल्या त्याचा उद्धार करायचे.

ही सगळी करणी ललित सरांची. हे सर कोणत्या शाळेचे ते कुणी विचारलं नाही. आधी ते पारोळ्याकडे केळीचं टॉनिक विकत फिरायचे. मग एकदम त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर 'पेप्टाइड तज्ज्ञ' असं भरतकाम आलं. त्या भरतकामाचा टाका इतका भिकार होता की माझा तिथेच माणसावरचा विश्वास उडाला. पण गावाचा बसला. लोटन आबांनी तर केळी धुवायचं, भरायचं आपलं पत्र्याचं शेड त्यांना शिबिराला देऊन टाकलं.

लोटन आबा हा काही खुळा माणूस नाही. चाळीस वर्षं केळी पिकवतो. पण ललित सरांनी त्याला बरोबर त्याच्याच शेतात गाठला. म्हणाले, आबा, घडावर फवारा मारला तर केळ लांबतं की नाही? लांबतं. मग माणूस काय केळीपेक्षा कमी आहे? आबांनी शेडची किल्ली काढून दिली. ही चूक करायला माणूस हाडाचा केळीवालाच लागतो, बाकीच्यांना सुचणारसुद्धा नाही.

सरांचं भाषण मला पाठ झालं होतं. "हे हार्मोन नव्हे. हार्मोन बाहेरून देणं पाप. हे पेप्टाइड आहे. ते फक्त तुमच्या मेंदूतल्या ग्रंथीला विनंती करतं, की बाई गं, तुझं हार्मोन तूच सोड. आणि ती सोडते. सगळं नैसर्गिक." मग शनिवारी संध्याकाळी शेतातून आलेल्या माणसांना भिंतीला उभं करून उंची मोजायची, पोटात बारीक सुई टोचायची, आणि रविवारी सकाळी घरोघरून आडवं उचलून शेडमध्ये आणून पुन्हा मोजायची. सकाळी प्रत्येकाची उंची सुमारे दीड सेंटीमीटर वाढलेली असायची. भिंत तीच, पट्टी तीच, डोक्यावरची फळी तीच. लबाडी म्हणून शोधायला जावं तर काही सापडायचं नाही.

पुढच्या शनिवारी मात्र माणूस पुन्हा होता तेवढाच भरायचा. त्यालाही सरांकडे उत्तर होतं. म्हणायचे, केळ झाडावरून उतरवलं की लगेच खाता का? पिकवावं लागतं. तशी ही उंची अजून कच्ची आहे, बाराव्या सुईला पिकेल. आणि मधल्या काळात जी वाढ दिसे ती वाया जाऊ नये म्हणून शेडमध्ये एक फळा लावला होता. दर रविवारी सगळ्यांची वाढ मागच्या बेरजेत मिळवायची. सहाव्या रविवारी फळ्यावर आकडा होता, 'गावाची एकूण वाढ : १ मीटर ९८ सेंटीमीटर'. सरपंचांनी त्या फळ्याला हार घातला. गावानं म्हणे एक अख्खा उंचापुरा माणूस नव्यानं कमावला होता. तो कुठे राहतो, काय खातो, हे कुणी विचारलं नाही.

मी गप्प होतो, कारण माझा त्यात स्वार्थ होता. बावीस माणसं वाढणार म्हणजे बावीस माणसांच्या पॅण्टी आखूड होणार, आणि दुमड खाली सोडायला ती माझ्याकडे येणार. मी वाट पाहत बसलो. पण दीड महिन्यात एक मायेचा पूत पॅण्ट घेऊन आला नाही.

आली ती एकटी भूमिका. लोटन आबांची धाकटी मुलगी, एकवीस वर्षांची, पोलीस भरतीसाठी दोन वर्षांपासून घाम गाळणारी. धावण्यात तालुक्यात तिला तोड नव्हती. पण भरतीला मुलींची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर मागतात, आणि ती भरते एकशे बावन्न. तीन सेंटीमीटर, म्हणजे माझी बोटं आडवी धरली तर दीड-दोन बोटं. तेवढ्यासाठी तिनं पोटाला सहा सुया टोचून घेतल्या होत्या.

ती म्हणाली, चाचा, बाहीचं मनगटाजवळचं बटण सरकवून द्या, घट्ट होतंय. मी टेप लावला. मनगट पाव इंच वाढलं होतं, बोटं फुगल्यासारखी दिसत होती. सकाळी मुंग्या येतात म्हणाली. मी सहज पायाची लांबी घेतली. दिवाळीला शिवलेल्या ट्रॅकपॅण्टच्या मापाशी ती दोऱ्यादोऱ्यानं जुळत होती. तीस वर्षं मी माणसं मोजतोय. वाढणारं पोर आधी पॅण्टीतून बाहेर येतं, बाहीच्या बटणातून नाही.

धावणं कसं चाललंय, विचारलं. तर आठशे मीटरला पहिल्यापेक्षा तेरा सेकंद जास्त लागत होते, कारण गुडघे दुखत होते. आणि मग तिनं सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. वनरक्षकाची भरती निघाली होती. तिथे मुलींना दीडशे सेंटीमीटर उंची पुरते. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. आणि ललित सरांनी तिला तो फॉर्म भरायला बंदी केली होती. कमी उंचीच्या नोकरीचा फॉर्म भरला, की मेंदूतल्या ग्रंथीला कळतं हिला उंची नको आहे, आणि ती रुसते. ग्रंथी रुसते! माझी बायको अमिनाबी चाळीस वर्षांत रुसली नाही एवढी यांची ग्रंथी रुसायला बसली होती.

तो शुक्रवार होता. मी दुकान बंद केलं आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर दिपमालांकडे गेलो. तरुण बाई, पण डोकं थंड. सगळं ऐकून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, सुई न घेतलेल्या कुणाला त्यानं सकाळी मोजलंय का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, मग मोजायला लावा.

शनिवारी संध्याकाळी मी अमिनाबीला शेडमध्ये नेलं. नवं गिऱ्हाईक पाहून सर खूश झाले, स्वतः मोजलं, वहीत लिहिलं. एकशे अठ्ठेचाळीस. मग सुईची रांग लागली. त्या रांगेतून अमिनाबी शांतपणे निघाली आणि घरी आली. सकाळी तिला ट्रॉलीत झोपवायला मात्र मला नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. साठीच्या बाईला गावासमोर केळीसारखं नेतोस म्हणून तिनं मला जे ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

शेडमध्ये दीडशे माणूस जमलं होतं. एकेकाला ट्रॉलीतून अलगद उभं करत होते, फळी टेकवत होते, आकडा पुकारत होते. अमिनाबीची पाळी आली. एकशे एकोणपन्नास पूर्णांक चार. सरांनी तिचा हात वर धरला आणि गर्दीकडे वळले. "बघा! साठ वर्षांची माउली, आणि पहिल्याच सुईत चौदा मिलिमीटर!"

अमिनाबी म्हणाली, "कोणती सुई? मी नाही घेतली. मला भाकरी टाकायच्या होत्या."

सर पाच-सहा क्षण नुसते डोळे मिचकावत राहिले. पण तोंडाळ माणूस तो, लगेच सावरला. म्हणाला, ट्रॉलीत शेजारी झोपल्यामुळे इतरांच्या श्वासातून पेप्टाइड हिला लागलं, हा तर मोठाच शोध आहे. आणि खरं सांगतो, चार-पाच जणांनी मान डोलावली. एकानं तर सुई न घेता नुसतं ट्रॉलीत झोपायला मिळेल का, अशी चौकशी सुरू केली.

तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या डॉक्टर दिपमाला पुढे आल्या. त्या म्हणाल्या, वाद नको, एक तास थांबू. सगळ्यांनी उभं राहा, चहा प्या, फिरा, मग याच भिंतीला याच फळीनं पुन्हा मोजू. सरांना अचानक धुळ्याला जायची घाई झाली. पण ट्रॅक्टर दारात आडवा लावलेला, आणि पुनानं किल्ली खिशात टाकली होती. सहा आठवड्यांच्या शिव्या त्यानं त्या दिवशी वसूल केल्या.

साडेसात वाजता मोजमाप झालं. बावीसच्या बावीस माणसं सेंटीमीटर, पाऊण सेंटीमीटर खाली आली होती. अमिनाबीसुद्धा. कुणीतरी खडू घेऊन फळ्यावरचा आकडा कमी करायला लागलं. गावानं कमावलेला तो उंचापुरा माणूस आमच्या डोळ्यांदेखत झिजायला लागला.

बाईंनी मग साधं सांगितलं. पाठीच्या कण्यात मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. दिवसभर उभं राहून, ओझं उचलून त्या दबतात. रात्री आडवं झालं की पाणी धरून पुन्हा फुगतात. म्हणून जगातला प्रत्येक माणूस सकाळी उठल्या उठल्या थोडा उंच असतो, आणि तासा-दोन तासांत त्यातला बराचसा भाग उतरतो. मला हे लगेच पटलं, कारण आमच्या रुईच्या गादीचंही तसंच असतं. सरांनी पट्टी खोटी ठेवली नव्हती. मोजायची वेळ तेवढी हुशारीनं निवडली होती. ट्रॉली, गोधडी, तोंड न धुणं, सगळं एवढ्याचसाठी.

आबा खाली बघत उभे होते. म्हणाले, मग ते पेप्टाइड, ते खोटंच का? बाई म्हणाल्या, नाही. अंगातलं वाढीचं हार्मोन सोडायला लावणारी अशी औषधं खरोखर असतात. काही ठरावीक आजारांत, तपासण्या करून, डॉक्टरच्या देखरेखीखाली ती देतात. या बाटलीत काय आहे ते मात्र देवालाही माहीत नाही, लेबलसुद्धा नाही. आणि खरं असलं तरी हातपाय सुजतात, मुंग्या येतात, सांधे धरतात, रक्तातली साखर वाढते. उंची मात्र वाढत नाही, कारण या वयात हाडांची वाढायची टोकं जुळून बंद झालेली असतात. आबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं, "आबा, घड कापून ट्रॉलीत भरल्यावर तुम्ही त्याच्यावर फवारा मारता का?"

"कापेल घडवर कोन फवारा मारस, बाई? मी काय येडा शे?" आबा म्हणाले.

आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांनी भूमिकाकडे पाहिलं. तिची सुजलेली बोटं हातात घेतली आणि चारचौघांत रडले. चाळीस वर्षं मुरलेला केळीवाला, त्याला कळायला एवढंच पुरलं.

बाटल्या बाईंनी तपासणीला पाठवल्या, सरांवर तक्रार गेली. ते सगळं रीतसर झालं. पण मला वाटत होतं, आता पोरगी माझे आभार मानेल. दुपारी ती दुकानात आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"चाचा, तुम्ही माझे तीन सेंटीमीटर घेतले," ती म्हणाली. "त्याच्याकडे खोटे का होईना, होते."

तिचं खरंच होतं. दोन वर्षं पहाटे उठून धावलेली पोर, तिला मी काय दिलं? एक 'नाही'. वाईट वाटलं मला, फार वाईट. मी म्हणालो, बेटा, माझ्याकडे उंची नाही. माझ्याकडे टेप आहे. उद्या वनरक्षकाच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, आणि जीव तोडून धावलीस ती उंचीमुळे नाही, पायांमुळे. तिनं माझ्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मग चप्पल काढून आत आली, भिंतीला टाच टेकवली आणि म्हणाली, मोजा. दुपारचे दोन वाजले होते, ना सकाळ, ना संध्याकाळ. एकशे बावन्न भरली.

मी शिकलेला माणूस नाही, पण एक गोष्ट कापड शिकवतं. कुणी तुमच्यासमोर चमत्कार मोजून दाखवला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. थोड्या वेळानं परत मोजशील का? औषध न घेतलेल्याला मोजशील का? आणि दुसऱ्या कुणाच्या हातानं मोजू देशील का? खरा असेल तर हो म्हणेल. खोटा असेल तर त्याला धुळ्याला जायची घाई होईल, किंवा तुमची ग्रंथी रुसेल. विचारायला डिग्री लागत नाही. माझ्या अमिनाबीनं तर नुसतं खरं सांगितलं, भाकरी टाकायच्या होत्या म्हणून.

सोमवारी आबा आणि भूमिका शिरपूरला गेले, आणि बसमध्ये जागा मिळाली म्हणून मीही गेलो. सायबर कॅफेत गर्दी होती. तासाभरानं तिचा नंबर लागला. उंचीच्या रकान्यापाशी तिची बोटं थांबली. मागून आबा वाकून बघत होते, त्यांना चष्म्याशिवाय पडद्यावरचं दिसत नव्हतं. त्यांनी घाबरत विचारलं, "कितली लिखी वं?"

भूमिकानं आकडा भरला आणि मागे न बघता म्हणाली, "जितली शे तितलीच लिखी, आबा."