पडद्यावर सत्त्याण्णव

शुक्रवारी दुपारी जावा बेटावरच्या सालातिगा गावातल्या त्या इस्पितळात पुरुष माणूस औषधालाही सापडत नसे. डॉक्टर, शिपाई, लिफ्टवाला, सगळे नमाजाला गेलेले. नेटवर्क तपासायला हीच वेळ उत्तम, असं पाक त्रिस्नो, म्हणजे नेटवर्कचे त्रिस्नोसाहेब, यांचं जुनं मत, कारण त्या तासाला यंत्रांवर ताण कमी असतो. साहेबांनी मत द्यायचं, काळी टोपी चढवून मशिदीत जायचं आणि ताण हाताखालच्या वेनिंगने घ्यायचा, अशी कामाची वाटणी होती.

"सगळी मशीनं तपास," निघता निघता ते म्हणाले. "कुठलं पोर्ट उघडं, कुठलं बंद, आल्यावर सांग. समजलं ना?"

"इंग्गिह, पाक," वेनिंग मान लववून म्हणाली. हे 'होय जी' जावातली माणसं समजल्यावर म्हणतात आणि न समजल्यावरही म्हणतात.

तिला समजलं नव्हतं. सगळी म्हणजे नव्या इमारतीतली, की जुनीतलीसुद्धा? विचारायला हवं होतं. पण वडीलधाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे 'तुम्हाला नीट सांगता आलं नाही' असं तोंडावर म्हणणं. बोलायला लागायच्या आधीच तिच्या आईने तिला हे शिकवलं होतं. या भिडेपायी त्या बेटावर आजवर काय काय बुडालं असेल, ते एक देवच जाणे. तिने मनाशी ठरवून टाकलं, सगळी म्हणजे सगळी.

तिचं हत्यार साधंच होतं. काळ्या पडद्यावर नेटकॅटची एक ओळ टाइप करायची, पुढे मशीनचा पत्ता, त्यापुढे पोर्टांचे क्रमांक. मग तो इवलासा प्रोग्राम एकेका दाराची कडी वाजवत जातो. दार उघडं असलं तर सांगतो, नसलं तर पुढे सरकतो. आत पाऊल टाकत नाही. आत जायचं तर त्याला वेगळं सांगावं लागतं.

जुन्या इमारतीत एका पत्त्यावर एकच पोर्ट उघडं सापडलं. हे कसलं मशीन, काही कळेना. तिथेच थांबायचं होतं. पण उघडं दार दिसलं की माणसाची मान आपसूक आत वळते. वेनिंगने नसती उठाठेव केली आणि नेटकॅटला आत जायला सांगितलं.

पडद्यावर आकडे येऊ लागले. १४८ आणि ९७. १४६ आणि ९७. एकाखाली एक, न थांबता.

आधी तिला वाटलं, औषधांच्या शीतगृहाचं काहीतरी असेल. मग काळजात चर्र झालं. १४६ हे कुणाच्या तरी हृदयाचे ठोके होते आणि ९७ हा रक्तातला ऑक्सिजन. एवढं भरभर हृदय नुकत्या जन्मलेल्या बाळाचंच चालतं, आणि जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष होता.

उशाच्या यंत्राचे आकडे कक्षाच्या पडद्याला पोचवणारे असले जुने डबे एका वेळी एकाशीच बोलतात, नवा कुणी आला की आधीच्याला सोडून देतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कक्षातल्या पडद्याला सोडून डबा आता तिच्याशी बोलत होता. ती जोडणी तोडणार, तेवढ्यात ९७ चे ९३ झाले. मग ८८.

तिचं बोट तसंच राहिलं. हे आकडे अख्ख्या इस्पितळात फक्त तिला दिसत होते.

तिने कक्षात फोन लावला. तिथल्या जुन्या नर्स बू रात्मी, म्हणजे रात्मीबाई, एकट्याच होत्या.

"बू, मी नेटवर्कवाली वेनिंग. एका बाळाचा ऑक्सिजन उतरतोय. एक्क्याऐंशी झालाय!"

"कुठे उतरतोय? माझ्यासमोर हा एवढा मोठा पडदा आहे. सहाच्या सहा बाळं छान आहेत. तुम्ही वायरीवाले डॉक्टर कधीपासून झालात गं?"

"बू, पडद्याचं ऐकू नका! हात लावून बघा!"

"कुणाला लावू हात?"

"ते... ते मला नाही माहीत."

"मग झालं! सहाही काचेच्या पेट्या उघडून निजलेल्या पोरांना उठवू? बाहेर त्यांच्या आया दूध घेऊन बसल्यात, त्यांची बोबडी वळेल. अगं, सगळ्यात कमी आकडा सत्त्याण्णव आहे. जेव जा जरा."

फोन ठेवला गेला.

सत्त्याण्णव. तिने दार उघडलं तेव्हाचा आकडा. तिथल्या पडद्यावर तो तसाच चिकटून बसला होता, आणि इथे ७२ आले होते. तिने घाईघाईने जोडणी तोडली, म्हणजे डबा पुन्हा कक्षाशी बोलू लागेल. बोलतोय का, हे बघायला तिने परत कडी वाजवली. नकार आला. पुन्हा वाजवली. पुन्हा नकार. डबा बंदच पडला होता. आता ते बाळ तिलाही दिसत नव्हतं.

ती उठली आणि चपला तिथेच टाकून धावत सुटली.

जुन्या इमारतीच्या जिन्यात तिला सुचलं की ज्याचा आकडा हलत नाही, तेच बाळ. एवढं साधं फोनवर सुचू नये! स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं तिला.

"हलत नाही तो कुठला?" दारातूनच ती ओरडली.

बू रात्मी रागाने वळल्या, मग पडद्याकडे वळल्या. पाच आकडे चुळबुळत होते. एक जागचा हलत नव्हता. बू पाचव्या पेटीकडे धावल्या. त्या वयात कुणी एवढं चपळ असेल असं वेनिंगला वाटलं नव्हतं.

पाचव्या पेटीतलं बाळ राखाडी पडलं होतं. उशाशी छोटं यंत्र होतं, त्यावर लाल दिवा लुकलुकत होता, पण आवाज नव्हता. बूंनी बाळाची टाच चोळली, पाठ चोळली, मग तोंडावर इवलासा मास्क धरून फुगा दाबायला सुरुवात केली. वेनिंगने आयुष्यात कधी नव्हे इतक्या कळवळून देवाला हाका मारल्या. किती वेळ गेला, तिला कधीच सांगता आलं नाही. मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला आणि बाळाचा ओठ गुलाबी झाला.

"अल्लानेच धाडलं बाई तुला," बू रात्मी भिंतीला टेकल्या. "जुनी यंत्रं ही. पडतात आपोआप बंद."

बाळाची आई दारात उभी होती. सुलासिह नाव तिचं, पोटाचे टाके अजून ओले, हातात दुधाची बाटली. ती वाकत वाकत आली, वेनिंगचा हात तिने कपाळाला लावला आणि सोडेचना.

"म्बाक, ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसतात तर..."

झाकली मूठ सव्वा लाखाची. बूंनी कारण देऊन टाकलं होतं, साहेबांना काही कळणार नव्हतं. गप्प राहिलं असतं तर वेनिंगची नोकरीही राहिली असती आणि वर पुण्यही मिळालं असतं. तिला भीती वाटत होती. पण तो हात कपाळाला लागलेला होता आणि तिला तो सोसवेना.

"ते आपोआप नाही झालं," ती म्हणाली. "मी केलं. मी खाली बसून तुमच्या बाळाच्या यंत्रात डोकावले, त्यामुळे पडदा थांबला. ते कुणाचं यंत्र, मला माहीत नव्हतं. पण विचारलंही नव्हतं मी कुणाला."

सुलासिहने हात सोडला.

बू रात्मी खाली मान घालून उठल्या. आयांना त्रास नको म्हणून दुपारच्या वेळी त्या उशाच्या यंत्रांचा आवाज बंद करून ठेवत. आता एकेका पेटीशी जाऊन त्यांनी तो परत सुरू केला. शेवटच्या पेटीशी त्यांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

सुलासिहने पडद्याकडे बघितलं, उशाच्या यंत्राकडे बघितलं. मग वेनिंगकडे.

"मला दूध काढायचंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "हे भीतीने सांडलं सगळं. मी येईपर्यंत तू इथे बस. आकडे बघायचे नाहीत. त्याची छाती बघायची. नजर हलवलीस तर याद राख."

"इंग्गिह," वेनिंग म्हणाली, आणि या वेळी तिला सगळं समजलं होतं.

ती स्टुलावर बसली. काचेपलीकडे तिच्या तळहाताएवढी छाती वर येत होती, खाली जात होती. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घेता घेता मध्येच थांबतात, ते तसं चालायचंच, असं बू मागून सांगत होत्या. वेनिंगला ते ऐकू येत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

छाती खाली गेली. वेनिंग ती वर यायची वाट बघत राहिली.