पाद्यपूजेचं पाणी

माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचे पाय बघायचे, ही बूटवाल्याची खोडच होती. धंदाच तसा ना! साखरेच्या आजाराने ज्यांचे पाय बधिर झालेत, त्यांच्यासाठी तो मापाचे बूट शिवायचा. आत मऊ अस्तर, शिवण कुठे टोचायची नाही, बोटांना ऐसपैस जागा. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की हा खाली, त्याचा पाय मांडीवर घेऊन. पेनाच्या टोकाने तळव्याला हळूच टोचायचा आणि विचारायचा, "कळतंय का काही?" कळत नसलं की मग सुटका नाही. "अनवाणी फिरायचं नाही. तळवे रोज आरशात बघायचे. आणि पाय धुताना पाणी आधी कोपराने बघायचं, पायाला विचारायचं नाही. तुमचा पाय आता खोटं बोलतो."

आतून शिवणयंत्रामागून बायको ओरडायची, "अहो, बूट विका! प्रवचन अप्पांना करू द्या!"

तर असा हा पायांतला दर्दी माणूस. आणि त्याने काय करून ठेवलं म्हणता!

अप्पा म्हणजे त्याचे गुरू. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको माई राहायचे. संध्याकाळी तिथे माणसं जमायची, अप्पा त्यांना डोळे मिटून बसायला शिकवायचे. भगवी वस्त्रं नाहीत, दाढी नाही, काही नाही. साधा सदरा, आणि हसले की पुढचा एक दात पडलेला दिसायचा. बूटवाल्याचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला, तेव्हा याने दुकानाला कुलूप लावून अंथरूण धरलं होतं. नातेवाईक आले, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून गेले. अप्पा कुणा शेजाऱ्याबरोबर आले ते नुसते त्याच्या पायथ्याशी बसले. दुसऱ्या दिवशी परत आले, परत बसले. एक शब्द नाही. असे कितीतरी दिवस. मग एका सकाळी बूटवाला स्वतःच उठला आणि म्हणाला, "अप्पा, मलाही असं बसायला शिकवा." तेव्हापासून त्याचा जीव त्या माणसाच्या पायांशी बांधला गेला.

पण ते पाय त्याने कधी बघितले नाहीत, ही खरी रड. नमस्काराला वाकला की याचे डोळे मिटलेले, कपाळ टेकलेलं. ते पाय थोडेच होते! ते चरण होते.

अप्पा ऐन उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालायचे. एकदा तर खिळा घुसला तळव्यात. जिन्यावर रक्ताचे ठसे बघून माईंनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं, आणि अप्पा मागे वळून म्हणाले, "अगं बाई, हे माझं का?" झालं! शिष्यांना तेवढंच पुरलं. देहभान गेलंय अप्पांचं, याला म्हणतात पोचलेला माणूस. ही गोष्ट सगळ्यांत रंगवून कोण सांगायचं? बूटवाला! कहर म्हणजे दुकानात, एखाद्या गिऱ्हाइकाचा बधिर पाय मांडीवर घेऊन सांगायचा. सांगून झालं की त्याच पायाला पेन टोचून विचारायचा, "कळतंय का काही?" अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

अप्पांना घरी बोलवायचं, नवरा-बायकोने बसून त्यांची पाद्यपूजा करायची, हे त्याच्या मनात किती वर्षं होतं. अप्पा टाळायचे. "पूजा कसली करतोस? रोज थोडा वेळ बस म्हणजे झालं." शेवटी माईंनीच गळ घातली आणि अप्पा हो म्हणाले.

बूटवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. घर धुऊन काढलं, नवा पाट आणला, ताम्हण चिंचेने घासून लख्ख केलं. सगळी मंडळी आली, बसायला जागा उरेना. दिवस थंडीचे, अप्पांचं वय झालेलं, म्हणून बायकोने पाय धुवायला पाणी चांगलं कडकडीत तापवलं होतं. त्यात गार पाणी घालायचं होतं. पण तेवढ्यात अप्पा दारात आले, हार पुढे झाले, एकच धांदल उडाली आणि गार पाण्याची घागर ओट्यावरच राहिली.

अप्पा पाटावर बसले, पाय ताम्हणात. बूटवाल्याने कलश उचलला. बायको कानाशी कुजबुजली, "अहो, थांबा, गार पाणी आणते."

त्याने डोळे वटारले. मंत्र सुरू झाला होता, मध्येच उठायचं म्हणजे काय! त्याने धार धरली.

पाणी त्याच्या बोटांना लागलं. चटका बसला. चामडं आणि आरी धरून निबर झालेल्या त्या बोटांनासुद्धा बसला. त्याने वर बघितलं. अप्पा डोळे मिटून शांत, ओठांवर हसू. आणि याच्या मनात काय यावं? की चटका आपल्याला बसला, कारण आपण अजून देहात अडकलोय. अप्पा बघा कुठे आहेत! त्याचे डोळे भरून आले. त्याने सगळा कलश रिकामा केला, सावकाश, दोन्ही पायांवर. पाण्याची वाफ बघून मागून कुणीतरी म्हणालं, "वा! पापणीसुद्धा हलली नाही."

पाय पुसायचं काम बायकोचं होतं. तिने मऊ पंचा घेतला, उजव्या पावलावर टेकवला, उचलला. पंचाबरोबर कातडी आली.

तिने नवऱ्याचा दंड गच्च धरला. तेव्हा बूटवाल्याने पहिल्यांदा ते पाय बघितले. बोटं वाकडी झालेली, टाचेला जुनी काळी भेग, नडगीवरचे केस झडून कातडी गुळगुळीत, चकचकीत. रोज मांडीवर घेत होता तसेच. आंधळ्यालाही कळावं इतके स्पष्ट. त्याने पेनही शोधलं नाही. नखाने तळव्याला टोचलं आणि विचारलं, "अप्पा, कळतंय का काही?"

अप्पांनी डोळे उघडले. "काय रे? झाली पूजा?"

डावा पाय वाचला. उजव्याची जखम चिघळत गेली, आधी बोटं काढली, मग पाय घोट्याच्या वरपर्यंत काढावा लागला. दवाखान्यात डॉक्टर माईंना म्हणाले, साखर कधीपासून असेल सांगता येत नाही, पण वेळेवर कुणी पाय बघितले असते तर! बूटवाला दाराशी उभा होता. त्याला वाटलं, भुईने आत्ता पोटात घ्यावं.

तो पुन्हा गेलाच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? दुकान उघडायचा, पण गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा नाही, जमिनीवर कागद ठेवूनच माप काढायचा. बायको समजवायची, "पाणी मी तापवलं, मी. सगळं एकट्याच्या माथी काय मारून घेताय?" तो म्हणायचा, "तू थांब म्हणाली होतीस."

शेवटी माईच दुकानात आल्या. बसल्याही नाहीत. "त्यांनी निरोप दिलाय. पूजा अर्धी राहिलीय म्हणाले, ती पुरी कर."

दोघं गेली. मंडळींची वर्दळ ओसरली होती. पाय कापलेल्या पोचलेल्या माणसाकडे कोण येतंय? अप्पा खिडकीशी खुर्चीत होते. बूटवाला खाली कोसळला तो हुंदके देतच. "मला कळायला हवं होतं, अप्पा. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी मला कळायला हवं होतं."

"हवं होतं खरं," अप्पा म्हणाले. त्यांनी उगीच समजूत घातली नाही. मग म्हणाले, "पण तू एकटाच फसलास होय रे? पाय कळेनासे झाले तेव्हा मला वाटलं, सुटत चाललाय देह. इतकी वर्षं बसलो त्याचं काहीतरी हाताला लागलं. मनातल्या मनात केवढा फुललो होतो मी! आणि ती नुसती साखर होती."

माईंनी तोंडाला पदर लावला.

बायको स्वयंपाकघरातून कलश आणि ताम्हण घेऊन आली. या खेपेला गार पाण्याची घागरही आणली. बूटवाल्याने उरलेलं एक पाऊल मांडीवर घेतलं. तळवा बघितला, टाच बघितली, प्रत्येक बोटाची बेचकी उघडून बघितली. मग बाही वर सारून कलशात कोपर बुडवला.

"गरम आहे का रे?" अप्पांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"कोमट आहे, अप्पा."

"नीट बघ हं."

"बघितलं."

"मग घाल."

त्याने धार धरली. त्याच्या डोळ्यांतलं पाणीही त्याच पावलावर टपटप पडत होतं. ते गरम होतं, आणि अप्पांना ते कळलं नाही.