पहिल्या तासाची हजेरी

वाईकर सरांचा कॅल्क्युलसचा तास सकाळी आठला असायचा, आणि तो तास चंद्रकांतेनं वर्षभर सायकल स्टँडजवळ उभं राहून केला. ही काही शिक्षा नव्हती. शिक्षा असती तर ती कोणीतरी दिली तरी असती.

भंडाऱ्याच्या कॉलेजात तेव्हा, म्हणजे शहात्तर साली, मुलींनी आपापलं वर्गात जायची रीत नव्हती. मुली लेडीज रूममध्ये बसत, सर वर्गावर जाताना दाराशी थांबत आणि मुली त्यांच्या मागोमाग जाऊन पहिल्या बाकावर बसत. तास संपला की सरांच्याच मागोमाग बाहेर. फिजिक्सचे सर थांबत, केमिस्ट्रीचेही थांबत. कृष्णराव वाईकर थांबत नसत. ते नागपूरहून सकाळच्या गाडीनं वरठीला उतरायचे, तिथून सायकल हाणत यायचे, मागच्या दारानं थेट वर्गात शिरायचे आणि आतून कडी घालायचे. गणिताला मुलगी एकटी चंद्रकांता. एका पोरीसाठी एवढ्या मोठ्या माणसानं कॉलेजला वळसा का घालावा?

पहिले आठ दिवस ती लेडीज रूममध्ये वाट पाहत बसली. नवव्या दिवशी सरांच्या आधीच वर्गात जाऊन बसली, तर पोरांनी बाकं बडवली आणि सरांनी तिला उठवलं. मुलांच्या घोळक्यात मुलगी आधीच येऊन बसते, हे त्यांच्या वर्गात चालणार नव्हतं. मग ती सायकल स्टँडवर थांबली आणि सर आल्यावर त्यांच्यामागून निघाली. सर वळून म्हणाले, रस्त्यातून मुलगी मागे घेऊन वर्गात शिरणारा मास्तर मी नाही, तुम्ही लेडीज रूममध्येच थांबायचं असतं. आणि कडी लागली. आता यातून वाट कुठली काढायची ते शहाण्यांनी सांगावं. चंद्रकांतेनं ती सायकल स्टँडकडे उघडणाऱ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून काढली.

खिडकीतून अर्धाच फळा दिसायचा, उजवीकडचा. सर लिहिता लिहिता बोलत, ते ऐकू यायचं. डावीकडचं सगळं ती मनानं जुळवायची, चुकलं की पुन्हा जुळवायची. आतली बावीस पोरं अख्खा फळा उतरवून घेत आणि काही म्हणता काही त्यांच्या डोक्यात शिरत नसे. तिला मात्र अर्ध्या फळ्यात सगळं कळू लागलं.

खिडकीजवळच्या बाकावर खेमराज बसायचा, आंधळगावच्या विणकराचा मुलगा. तो घरी करायला दिलेल्या गणितांची चिठ्ठी गजांमधून बाहेर द्यायचा. दुसऱ्या दिवशी ती सुट्या कागदावर सोडवून आणायची. तो आपल्या अक्षरात उतरवून कागद फाडून टाकी, आणि त्याच्या वहीवरून सगळा वर्ग उतरवी. रोज निघताना तो हळूच विचारायचा, "उद्या येशीन ना?" जणू ती त्याच्यासाठीच येत होती.

तिला यायलाच हवं होतं. नदीपलीकडच्या कारध्याला तिच्या वडिलांनी, धनीरामनं, सख्ख्या भावांशी भांडून तिला पूल ओलांडू दिला होता. धानाची शेती करणारा, अक्षरओळख नसलेला माणूस. पण बोलला होता, "यंदा पास झाली तं पुढं शिकवीन. नाही तं लगन करून देईन."

फेब्रुवारीत परीक्षेच्या फॉर्मची वेळ आली आणि नोटीस बोर्डावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. यादी कसली, एकच नाव. कॅल्क्युलसचे तास चौऱ्याऐंशी, गैरहजर चौऱ्याऐंशी.

प्रिन्सिपॉल वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांनाही बोलावून घेतलं आणि पुस्तकातलं एक गणित तिच्यापुढं टाकलं. तिनं ते उभ्या उभ्या सोडवलं. वाईकर सरांनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "सकाळच्या वेळी जात असेल कोणाकडे तरी शिकायला. माझ्या वर्गात नव्हती."

प्रिन्सिपॉल म्हणाले, वर्गातला एक जरी विद्यार्थी ही रोज खिडकीशी असायची असं सांगत असेल, तर मी फॉर्म पाठवतो. चंद्रकांतेनं खेमराजचं नाव सांगितलं. ते सांगताना तिला हायसंसुद्धा वाटलं, इतकी ती भोळी होती.

खेमराज आला. वाईकर सर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. वर्षाचे अंतर्गत गुण त्यांच्याच हातात होते. खेमराज खाली बघून म्हणाला, "मी तं फळ्याकडं पाहून राहत होतो सर. बाहेर कोन होतं मले मालूम नाही."

फॉर्म गेला नाही. वर्ष गेलं, पण तेवढ्यावर भागलं नाही. "कोणाकडे तरी" हे दोन शब्द कसे कोण जाणे पुलावरून कारध्यात पोचले. चौऱ्याऐंशी सकाळी पोरगी घरून निघाली आणि वर्गात नव्हती, मग होती कुठं? नदीवर बायका तिची आई रुखमा आली की गप्प होऊ लागल्या. आलेली दोन स्थळं परत गेली. उरला मोहाडीचा एक बिजवर, दोन लेकरांचा बाप. धनीरामनं त्याला होकार न देता अडवून धरलं होतं. लेकीवर हात उगारला नाही, पण तिच्याशी बोलणं सोडलं. तिनं खिडकीची हकीकत चार वेळा सांगितली. खिडकीबाहेर उभं राहून कोणी शिकतं, हे त्याला खरं वाटेना.

जूनमध्ये निकाल लागला. तिनं सोडवलेली गणितं घोकून खेमराज गणितात कॉलेजात पहिला आला आणि पेढ्यांचा डबा घेऊन कारध्याला आला. कशाला आला हे त्याचं त्यालाच ठाऊक. बहुधा मनाला टोचत असावं. टोचणी असले लोक पेढ्यांवर भागवतात.

धनीरामनं त्याला बाजेवर बसवलं, पेढा हातात घेतला आणि तोंडाशी न नेता विचारलं, "बापू, तू तं त्याच वर्गात होता. खरं सांगजो. माही पोरगी येत होती का?"

चंद्रकांता दारात उभी होती. आता सर नव्हते, गुण हातात पडले होते, एक शब्द बोलायला खेमराजला काही पडणार नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आता बोलेल. पण त्याच्या मनात आलं, आज होय म्हणावं, तर मग प्रिन्सिपॉलपुढं नाही का म्हणाला होतास, हे काकाजी विचारणारच.

"येत असन, काकाजी," तो म्हणाला. "मी नाही पाहिली."

धनीरामनं पेढा परत डब्यात ठेवला. मग लेकीकडे न बघता घरात हाक देऊन बायकोला म्हणाला, "मोहाडीवाल्यायले हो म्हणून निरोप धाड."