हवालदाराची मिशी

मी एक मिशी आहे, तीही खोटी. हसून घ्या. हसणाऱ्यांच्या जिवावरच मी आजवर जगले.

माझा जन्म सांगलीचा. रंगभूषा करणाऱ्या केरबांनी बारीक जाळीवर एकेक केस ओवून मला घडवलं, एका नाटकातल्या हवालदारासाठी. पण तासगावच्या प्रयोगाला त्या नटाने दुपारभर आंबट द्राक्षं खाल्ली आणि त्याचा घसा बसला. प्रेक्षक तर येऊन बसलेले.

"आणा ती मिशी इकडं," आत्याबाईचं काम करणारी संयोगिता म्हणाली. "मी पहिल्या अंकातच मरते. पुढं मोकळीच आहे की!"

तेव्हापासून हवालदार तिचाच झाला. कोयनानगरपासून कुपवाडपर्यंत आम्ही दोघी गाजलो. तिचा नियम एकच : शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.

पुढे नाटक मंडळी थांबली. संयोगिता शिकली आणि साताऱ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागली. मी तिच्या पर्समध्ये, खडूच्या डबीत.

पण सवय सुटते थोडीच! संयोगिता मॅडम सगळा तास शेवटच्या बाकाकडे बघून घेत. तिथे डुलक्या काढायला बसलेली क्रांती दचकून शेजारणीला म्हणाली, "अगं, ह्या आपल्याशीच बोलत्यात की!" त्या बाकाशी तोवर कुणी बोललंच नव्हतं.

यंदा स्नेहसंमेलनात तेच नाटक बसलं आणि हवालदार झाली क्रांती. तिचे वडील लालासाहेब म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांनी बजावलं, "पोरीनं मिशी लावायची? बघतो एकदा. पटलं न्हाई तर तिथनंच घरी, आन् नाटकबिटक कायमचं बंद."

विंगेत क्रांतीने मला मॅडमच्या हातात परत ठेवलं. "मॅडम, तुमीच जावा. तुमाला सगळं पाठ हाय."

मॅडमनी मला क्षणभर स्वतःच्या ओठावर धरलं. मला वाटलं, आता आपण दोघी पुन्हा! पण त्यांनी मला क्रांतीच्या ओठावर चिकटवलं. "शेवटच्या रांगेकडे बघ आणि बोल."

घोटाळा असा, की चटकन निघता यावं म्हणून लालासाहेब शेवटच्या रांगेमागे, दाराशीच उभे होते. क्रांतीची नजर थेट त्यांच्यावर गेली. तिने कडक सॅल्यूट ठोकला आणि घामाने माझं एक टोक सुटून लोंबू लागलं. हॉल खदखदला. क्रांती मागे सरकत विंगेकडे वळली. लालासाहेबांचा हात दाराच्या कडीवर गेला.

आणि तिथेच थांबला. जन्मभराची सवय!

"हवालदार!" ते गरजले. "मिशी सरळ करा!"

"जी साहेब!"

क्रांतीने मला अंगठ्याने दाबलं, पीळ दिला आणि असा आवाज लावला की दारसुद्धा हाललं असेल. शेवटपर्यंत मी जागची हलले नाही. लालासाहेबही नाहीत.

पडदा पडल्यावर ते मॅडमना शोधत आले. "मॅडम, गोंद जरा बरा वापरत जावा. हवालदाराची मिशी म्हंजे चेष्टा न्हाई." मग लेकीकडे न बघताच म्हणाले, "आन् पुढल्या साली सुभेदार करा हिला."

आता माझे केस विरळ झालेत, जाळी उसवलीय. मॅडमनी मला डबीसकट क्रांतीला देऊन टाकलं. मी सुखात आहे. मागणं एवढंच : तुमच्या घरातली पोरगी आरशासमोर काजळाने मिशी काढताना दिसली, तर ओरडू नका. सरळ आलीय का, तेवढं बघा.