शड्डूचा ठेका

या, असं जवळ सरकून बसा. दारातल्यांनाही आत घ्या. गोष्ट कोल्हापूरची, शहाऐंशी सालातली. ऐकून उठाल तेव्हा छातीतली धडधड थोडी कमी झालेली असेल, एवढं माझं वचन.

एस.टी. स्टँडामागच्या गल्लीत निसारभाईनं व्हिडिओ गेमची चार मशिनं मांडली होती. तिथं बायका फिरकत नसत. कालिंदी मात्र कचेरी सुटली की यायची. टायपिस्टची बोटं ती. पडद्यावर वरून रांगेनं उतरणारी यानं टपाटप पाडायची. घरच्यांची अट एकच, आक्का सोबत पाहिजे. म्हणून तिची ही आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर वाती वळत बसायची. गावात कीर्तन असलं की आक्का पहिल्या रांगेत. या मशिनांतलं तिला काही कळत नव्हतं.

कालिंदीनं सगळ्यांना हरवलं, राहिला माधव. हा तालमीत दोन वर्षं घालवून एकही कुस्ती न मारलेला गडी. तिथून त्यानं आणला तो शड्डू. समोरच्याचा डाव रंगात आला, की पाठीमागं उभा राहून मांडीवर अशी थाप हाणायचा की खेळणाऱ्याचा हात उडालाच पाहिजे.

"हरलीस तर या दारात परत पाय ठेवायचा न्हाय," तो म्हणाला होता. रागाच्या भरात कालिंदीनं "व्हय" म्हटलं होतं. तिथं तिला आजवर कुणी हरवलं नव्हतं. दिवसभरात ती जागा तेवढी तिची होती.

माधव आधी खेळला आणि मोठा आकडा करून बाजूला झाला. कालिंदीला तीन जीव मिळाले.

फाट.

पहिला गेला. तिचे खांदे आखडले. डोळे पडद्यावर, पण कान पाठीमागं. थाप आता येईल, आता येईल... आली नाही. तिनं श्वास सोडला, आणि फाट. दुसराही गेला.

"माधव, बस कर की," निसारभाई म्हणाला.

"मी कुठं हात लावला तिला? माझी मांडी, माझाच हात."

पोरं हसली. "बाई, घरी पोळ्या करपल्या असतील बघा," कुणीतरी म्हणालं. कालिंदीचा तळवा घामानं निसरडा झाला. एकच जीव उरला होता, आणि आकडा अजून बराच लांब.

फाट. यान कसंबसं वाचलं.

तेवढ्यात आक्कानं वाती ओटीत ठेवल्या.

"लेकरा," ती माधवला म्हणाली, "हात दणकट हाय रं तुझा. पण ताल चुकतोय."

"काय?"

"सम कुठं, तू मारतोस कुठं. हे ऐक." आणि तिनं कीर्तनात वाजवावी तशी संथ टाळी धरली. "विठ्ठल, विठ्ठल... हां, इथं मार."

माधवनं मुद्दाम भलतीकडेच थाप मारली.

"पुन्हा चुकलास," आक्का शांतपणे म्हणाली. "घाई नको करू."

आता पोरं माधवला हसली. त्याचे कान तांबडे झाले. दुसऱ्याला घाबरवणाऱ्याला सगळं सोसतं, हसणं तेवढं सोसत नाही. पुढची थाप नेमकी टाळीवर पडली. त्याच्या पुढचीही. निसारभाईची बोटं नकळत गल्ल्यावर वाजू लागली, मग पोरांचे पाय.

कालिंदीला हा ठेका जन्मापासून ठाऊक. थाप कधी येणार हे आता तिला आधीच कळत होतं, आणि कळल्यावर त्यात भ्यायचं राहिलं काय? खांदे सैल पडले. विठ्ठल, एक यान. विठ्ठल, दुसरं. तिचा आकडा माधवच्या आकड्याला टेकला आणि पुढं सरकला.

टाळ्या थांबल्या. माधव लाल झालेली मांडी चोळत दारात जाऊन उभा राहिला.

"आक्कानं लबाडी केली," तो पुटपुटला.

"मी काय केलं बाबा? वाजवत तर तूच होतास."

माधव दारातून बाजूला झाला. "उद्या येणार न्हवं?" त्यानं विचारलं.

"येणार की," कालिंदी म्हणाली.

वाटेत तिनं आक्काला विचारलं, तू हे मुद्दाम केलंस का? आक्का ओटीतल्या वाती मोजल्यासारखं करत राहिली.

तर मंडळी, तुमच्या पाठीमागंही कधी कुणी असाच शड्डू ठोकेल. त्या वेळी कालिंदी नाही आठवली तरी चालेल. स्टुलावरच्या त्या आक्काची तेवढी आठवण ठेवा.